बेवारस घोड्याचे धनी : फोर्ड मस्टँगचं नाव आणि रूप कसं ठरलं

१६ ऑगस्ट १९६२. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्न इथे, फोर्ड कंपनीच्या डिझाइन विभागाच्या अंगणात मातीची काही मॉडेलं मांडून ठेवली होती. पूर्ण आकाराची, रंग दिलेली, लांबून पाहिलं तर खऱ्याच गाड्या वाटाव्यात अशी. त्यातल्या एका पांढऱ्या मॉडेलपाशी ली आयाकोका थबकले. फोर्ड विभागाचे ते सर्वेसर्वा, वय सदतीस. जमिनीला खिळलेला तो मातीचा गोळा आपल्याला चालता वाटला, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्या मॉडेलच्या पुढच्या जाळीत मधोमध एक जनावर होतं. ते घोडा नव्हतं. ते होतं कूगर, म्हणजे अमेरिकेच्या डोंगरांत राहणारं मांजरकुळातलं मोठं जनावर. मॉडेलचं नावही कूगरच.

वीस महिन्यांनी, १७ एप्रिल १९६४ ला, हीच गाडी जवळपास त्याच रूपात लोकांसमोर आली तेव्हा तिचं नाव मस्टँग होतं आणि जाळीत घोडा धावत होता. मांजर कधी गेलं, घोडा कुणी आणला, आणि त्या पांढऱ्या मॉडेलची पहिली रेघ कुणाची? या प्रश्नांची उत्तरं अनेकांनी दिली आहेत. बहुतेकांनी स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या तोंडानं दिली आहेत. ती उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पुष्कळ लेखक त्यातलं एक निवडतात आणि बाकीच्यांना खोटं पाडतात. मला ते पटत नाही. दाव्यांपुढे तारखा लिहून काढल्या की लक्षात येतं, हे दावे एकाच गोष्टीबद्दलचे नाहीतच. एकानं शब्द घरात आणला, दुसऱ्यानं तो टिकवला, तिसऱ्यानं त्याला चेहरा दिला.

एडसेलची जखम

हे प्रकरण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९५७ च्या सप्टेंबरात फोर्डनं एडसेल ही गाडी प्रचंड गाजावाजा करून आणली आणि १९५९ च्या नोव्हेंबरात बंद केली. तोटा अंदाजे २५ कोटी डॉलर. तिच्या नावासाठी कंपनीनं काय काय केलं नव्हतं! १९५५ साली बाजार-संशोधन विभागानं मेरिअन मूर या नामवंत कवयित्रीला पत्र पाठवून नावं मागितली. मूरबाईंनी ती मनापासून सुचवली. 'यूटोपियन टर्टलटॉप' हे त्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं. जाहिरात संस्थेनं हजारो नावांची यादी दिली ती वेगळीच. शेवटी ते सगळं बाजूला पडलं आणि गाडीला मालकांच्या घरातलं नाव मिळालं. एडसेल म्हणजे संस्थापक हेन्री फोर्ड यांचा दिवंगत मुलगा, आणि तेव्हा कंपनीच्या प्रमुखपदी असलेल्या हेन्री फोर्ड दुसरे यांचे वडील. गाडी आपटली, आणि अमेरिकेत त्या सज्जन माणसाचं नाव फजितीला पर्याय म्हणून वापरलं जाऊ लागलं. नव्या गाडीसाठी पैसे मागायला जाताना समोर बसलेल्या माणसाची ही जखम ताजी होती, हे विसरून चालत नाही.

दुसरीकडे कंपनीतले वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनामारा यांच्या पुढाकारानं १९५९ च्या शरदात आलेली फाल्कन ही साधी, स्वस्त, काटकसरी गाडी पहिल्याच वर्षी ४,१७,१७४ खपली. कंपनीला पैसा मिळाला, पण तरुणांच्या तोंडी फोर्डचं नाव नव्हतं. प्रतिस्पर्धी शेवरलेनं आपल्या कॉर्व्हेअर या गाडीला वेगळ्या बकेट सीट बसवून, थोडी सजवून 'मॉन्झा' नावानं विकायला काढली आणि ती उचलली गेली. फोर्डची स्वतःची थंडरबर्ड १९५५ साली दोन आसनांची होती, १९५८ साली चार आसनांची झाली. खप वाढला, पण ती जुनी छोटी गाडी परत द्या, अशी पत्रं येत राहिली. आणि महायुद्धानंतर जन्मलेली पोरं आता वयात येत होती. १९६० च्या नोव्हेंबरात आयाकोका फोर्ड विभागाचे प्रमुख झाले तेव्हा हे सगळे धागे टेबलावर सुटे पडलेले होते.

१९६१ मध्ये त्यांनी आपल्या विश्वासातली काही माणसं कार्यालयाबाहेर, डिअरबॉर्नमधल्याच फेअरलेन इन या हॉटेलात, नियमित जमवायला सुरुवात केली. उत्पादन-नियोजनातले डोनाल्ड फ्राय आणि हॅल स्पर्लिच, बाजार-संशोधनातले रॉबर्ट एगर्ट, जाहिरात संस्थेची माणसं. कंपनीच्या इमारतीत बैठक घेतली की बातमी फुटते आणि वरिष्ठांकडून नन्नाचा पाढा सुरू होतो, हे कारण. या फेअरलेन समितीनं गाडीची जी कुंडली मांडली ती आजही वाचण्यासारखी आहे : चार आसनं, वजन अडीच हजार पौंडांच्या आत, किंमत अडीच हजार डॉलरच्या आत, लांबी १५ फुटांपेक्षा जास्त नाही. शिवाय एकच गाडी खरेदीदाराला हवी तशी बदलून घेता यावी, साधी हवी त्याला साधी आणि दांडगी हवी त्याला दांडगी.

अंगणातली स्पर्धा

१९६२ चा पूर्वार्ध वेगवेगळी रूपं करून पाहण्यात गेला. 'अलेग्रो' नावाची एक मालिकाच झाली. आयाकोकांचं मन भरेना, आणि १९६४ च्या वसंतात न्यूयॉर्कला भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाची तारीख तर जवळ येत होती. तेव्हा डिझाइन विभागाचे उपाध्यक्ष जीन बोर्डिनॅट यांच्या हाताखालच्या तीन स्टुडिओंना एकमेकांविरुद्ध उतरवायचं ठरलं. मुदत जेमतेम दोन आठवडे. पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल दोन आठवड्यांत उभं करणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातला माणूसच जाणे.

फोर्ड स्टुडिओचे प्रमुख होते जो ओरोस. त्यांनी आपल्या माणसांना बसवून नेमकं काय हवं ते सांगितलं. पुढचा भाग फेरारीसारखा, जाळीच्या मधोमध मासेरातीसारखं ठसठशीत चिन्ह, मात्र त्यांचा त्रिशूळ नको. बाजूंना मागचे ब्रेक थंड करणाऱ्या हवेच्या कपारी. बाईला आवडेल आणि पुरुषालाही हवीशी वाटेल अशी गाडी. त्यांचे सहकारी गेल हॅल्डरमन दिवसभर दुसऱ्या कामात अडकलेले, म्हणून रात्री घरी बसून त्यांनी चार-पाच रेखाटनं केली आणि सकाळी भिंतीवर लावली. ओरोस यांनी त्यातलं एक निवडलं. डेव्ह अ‍ॅश आणि मॉडेलकारांनी ते मातीत उतरवलं. अंगणात आपलं मॉडेल उठून दिसावं म्हणून पांढरा रंग द्यायला लावला, असं ओरोस सांगत.

आता याचं श्रेय कुणाचं? कित्येक वर्षं ओरोस यांचंच नाव पुढे येत असे, आणि त्यात गैर काही नव्हतं, कारण दिशा त्यांची होती. हॅल्डरमन यांचं रेखाटन पुढे प्रसिद्ध झालं तेव्हा लोकांनी डोळे चोळून पाहिलं : मागच्या चाकाच्या पुढची ती कपार, दारावरून मागे ओढत नेलेली ती खोलगट रेघ, सगळं तिथे आहे. माझ्या मते कागदावरची गाडी हॅल्डरमन यांची आणि अंगणातली गाडी ओरोस यांची. त्या दोन्हींमध्ये बारा-पंधरा रात्री जागलेले मॉडेलकार आहेत, ज्यांची नावं कुठल्याच गौरवग्रंथात येत नाहीत. स्वतः हॅल्डरमन याविषयी बोलताना नेहमी सगळ्या चमूचं नाव घेत.

पण रूपाचा एक बाप असा आहे ज्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही. तो म्हणजे फाल्कन. नवी गाडी कोऱ्या पाटीवर करायला पैसे नव्हते, आणि एडसेलनंतर कुणी देणारही नव्हतं. म्हणून फाल्कनचा सांगाडा, तिची इंजिनं, तिचे पुष्कळसे पडद्याआडचे भाग घ्यायचे आणि त्यावर नवा पत्रा चढवायचा, ही स्पर्लिच यांची भूमिका. मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १०८ इंच आहे, फाल्कनचं त्याहून दीड इंच जास्त. बसायची जागा मागे सरकवली आणि खाली घेतली, त्यामुळे पुढे लांबलचक बॉनेट सुटलं आणि मागे आखूड डिकी उरली. लांब बॉनेटचा अर्थ लोकांच्या मनात ठरलेला होता : आत मोठं इंजिन आहे. खरं तर पायाभूत मस्टँगमध्ये १०१ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन होतं. बाजूच्या त्या डौलदार कपारीतून ब्रेकला हवाही जात नव्हती. उत्पादनात ती केवळ शोभेची राहिली. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. मला मात्र यात डिझाइनरांची खरी कमाल दिसते. वाणसामान आणायच्या गाडीच्या हाडांवर त्यांनी असा देह घडवला की पाहणाऱ्याला हाडांची आठवणच होऊ नये. आणि तेही मध्यमवर्गीय कारकुनाला, शाळेतल्या बाईंना परवडेल अशा किमतीत.

हेन्री फोर्ड दुसरे यांनी आधी बऱ्याच वेळा नकार दिला होता. १० सप्टेंबर १९६२ ला गाडीला मंजुरी मिळाली. त्यांनी स्वतः मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि पायांसाठी एक इंच जागा वाढवा म्हणून सांगितलं, ही आठवण आयाकोकांनी नोंदवली आहे. गाडीच्या सुबक रेषेत एक इंच घुसवणं डिझाइनरांच्या जिवावर येतं. पण मालकाचा तो इंच घालावाच लागला. तयार गाडीची लांबी ठरलेल्या १५ फुटांच्या वर दीडेक इंच भरली.

शब्द घरात कुणी आणला

आता नाव. या प्रकरणातला माझा सगळ्यांत आवडता भाग हाच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिला दावा जॉन नजार या डिझाइनरांचा. १९६२ च्या उन्हाळ्यात फोर्डमध्ये एक वेगळीच छोटी गाडी तयार होत होती : दोन आसनं, चालकाच्या पाठीमागे बसवलेलं दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, अ‍ॅल्युमिनियमची काया. अभियंता रॉय लन, रूप नजार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. नजार यांना पी-५१ मस्टँग हे महायुद्धातलं लढाऊ विमान फार आवडे, म्हणून त्यांनी तेच नाव सुचवलं. त्यांचे वरिष्ठ सहकारी बॉब मॅग्वायर यांनी ते फारच 'विमानी' वाटतं म्हणून नाकारलं. नजार यांनी पुन्हा तेच नाव ठेवलं, पण या वेळी मस्टँग नावाच्या रानघोड्याचा हवाला देऊन, आणि ते चाललं. ही हकिकत नजार यांनी नंतर मुलाखतीत स्वतः सांगितली आहे.

या दाव्यामागे भक्कम पुरावा आहे. ७ ऑक्टोबर १९६२ ला वॉटकिन्स ग्लेन या शर्यतीच्या मैदानावर अमेरिकन ग्रां प्री शर्यतीच्या वेळी डॅन गर्नी या शर्यतपटूनं ही गाडी प्रेक्षकांसमोर चालवून दाखवली, आणि तेव्हा तिचं नाव मस्टँगच होतं. फोर्डच्या गाडीवर हा शब्द जाहीरपणे आला तो इथे.

पण लोक इथेच गल्लत करतात. ती गाडी वेगळी होती. खरी स्पोर्ट्‌स कार म्हणायची तर तीच. शौकीन तिच्यावर लट्टू झाले. आयाकोकांनी तो जल्लोष पाहून उलटाच निष्कर्ष काढला : ही मंडळी मोजकी आहेत, ही गाडी लाखांनी खपणार नाही. म्हणजे दोन आसनी मस्टँग मागे पडली, आणि अंगणातली चार आसनी गाडी तेव्हाही कूगर होती. पुढचं जवळपास एक वर्ष तिचं नाव ठरलेलं नव्हतं. कागदोपत्री ती टी-५ होती, 'स्पेशल फाल्कन' होती. हेन्री फोर्ड दुसरे यांना 'थंडरबर्ड दोन' हे नाव पसंत होतं. इटालियन ढंगाचं 'तोरिनो' तर इतकं पुढे गेलं होतं की जाहिरातींची तयारी झाली होती. मग ते रद्द का झालं? आयाकोका सांगतात ते कारण घरगुती आहे. हेन्री फोर्ड यांचा घटस्फोट चालू होता आणि त्यांची मैत्री एका इटालियन बाईंशी होती. अशा वेळी गाडीला इटालियन शहराचं नाव दिलं तर कुजबुज होईल, असा निरोप वरून आला.

तेव्हा जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेचे जॉन कॉन्ली कामाला लागले. थंडरबर्ड आणि फाल्कनच्या वेळी त्यांनी पक्ष्यांची नावं चाळली होती. आता ते डेट्रॉइटच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जनावरांची नावं शोधू लागले. यादी मोठी झाली, गाळता गाळता सहा उरली : ब्राँको, प्यूमा, चीता, कोल्ट, मस्टँग, कूगर. हा दुसरा दावा.

तिसरा दावा एगर्ट यांचा. ते बाजार-संशोधनाचे प्रमुख, आणि घरी घोडे पाळणारे, त्यांची पैदास करणारे. त्यांच्या सांगण्यानुसार पत्नीनं त्यांना मस्टँग घोड्यांवरचं एक पुस्तक भेट दिलं होतं आणि ते नाव त्यांच्या डोक्यात तिथून बसलं. लोकांची मतं आजमावताना त्यांनी ते यादीत घातलं आणि लावून धरलं.

नजार, कॉन्ली, एगर्ट. तिघंही खरं बोलत असावेत असं मला वाटतं, कारण तिघंही वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलताहेत. नजार १९६२ च्या उन्हाळ्याबद्दल, एका दुसऱ्याच गाडीबद्दल. कॉन्ली आणि एगर्ट १९६३ बद्दल, जेव्हा तो शब्द पुन्हा सुचवावा लागला. 'आधी कोण बोललं' एवढाच निकष लावला तर नजार जिंकतात. पण कंपनीत एखादा शब्द आधी बोलला जाणं आणि तो लाखो गाड्यांवर जाणं यात वर्षभराच्या बैठका असतात. त्या बैठकांत प्रत्येक नावाच्या मागे एक माणूस उभा असतो, आणि ज्या नावाचा माणूस दमतो ते नाव गळतं. एगर्ट दमले नाहीत. शिवाय, हा माझा तर्क आहे, वॉटकिन्स ग्लेनच्या गर्दीनं आणि नियतकालिकांतल्या फोटोंनी त्या शब्दाला आधीच फुकटची ओळख करून दिली होती. यादीतल्या इतर पाच नावांकडे ती नव्हती. १९६३ च्या शरदात त्याच वॉटकिन्स ग्लेनला 'मस्टँग दोन' नावाची चार आसनी प्रदर्शनी गाडी नेली, तेव्हा दोन आसनी जुनी मस्टँग आणि येऊ घातलेली गाडी यांची गाठ लोकांच्या मनात बांधली गेली.

विमानाच्या नावाचाही एक पदर आहे. पी-५१ बनवलं नॉर्थ अमेरिकन एव्हिएशननं, १९४० साली, ब्रिटिशांच्या मागणीवरून, आणि त्याला मस्टँग हे नाव दिलं तेही ब्रिटिशांनीच. म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा घोडा आधी इंग्रजांच्या तोंडून विमान झाला, मग डिअरबॉर्नला परत येऊन गाडी झाला. विमान की घोडा, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. विमानातही घोडाच होता.

आणि घोड्यात काय होतं? मस्टँग हा शब्द स्पॅनिश 'मेस्तेन्यो'वरून आला. मध्ययुगीन स्पेनमध्ये 'मेस्ता' ही पशुपालकांची बलाढ्य संघटना होती, आणि कळपातून फुटलेल्या, मालक न सापडलेल्या जनावरांशी हा शब्द जोडला गेला. मेस्तेन्यो म्हणजे बेवारस ढोर. आपल्याकडे अशी जनावरं कोंडवाड्यात जातात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत घोडे आणले. त्यातले सुटलेले, पळालेले उत्तरेकडच्या माळांवर गेले आणि तिथे त्यांचे कळपच्या कळप झाले. थोराड नाहीत, आपल्या भीमथडी तट्टासारखे काटक. ज्याच्यावर कुणाचा डाग नाही ते जनावर, एवढाच मूळ अर्थ. ज्या नावाच्या मालकीवरून इतकी माणसं भांडली ते नावच मुळात 'याला मालक नाही' असं सांगतं, हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत बसलो होतो.

घोडा आणि त्याचं आवार

नाव ठरलं तरी चिन्ह आपोआप येत नाही. धावत्या घोड्याचं रेखाटन फिल क्लार्क या तरुण डिझाइनरचं. घोड्यामागे उभ्या तीन पट्ट्या, तांबडी, पांढरी, निळी, याही त्याच्याच रेखाटनांतल्या. कागदावरचा घोडा लाकडात आणि धातूत उतरवणाऱ्यांत वायनो कंगास आणि चार्ल्स केरेस्टेस यांची नावं घेतली जातात. क्लार्क अगदी तरुण वयात गेला. त्याचं श्रेय जगासमोर यावं म्हणून पुढे त्याच्या लेकीला झगडावं लागलं. आयाकोकांचा फोटो गाडीसह टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात झळकला होता, हे आठवलं की क्लार्कबद्दल जास्तच वाईट वाटतं.

घोडा डावीकडे धावतो. अमेरिकेत शर्यतीचे घोडे घड्याळाच्या उलट दिशेनं पळतात, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूनं पाहिलं तर डावीकडून उजवीकडे. त्यामुळे तुमचा घोडा चुकीच्या दिशेला चाललाय, अशी टीका झाली. उत्तर असं मिळालं की हा शर्यतीचा घोडा नाही, रानातला आहे. त्याला दिशा कोण सांगणार? उत्तर कुणाला नंतर सुचलं असेल तर असो, पण ते नावाशी इमान राखणारं आहे.

याहून जास्त मला खुणावते ती घोड्याभोवतीची चौकट. पांढऱ्या मातीच्या मॉडेलवर कूगर ज्या चौकटीत होता, तीच जागा घोड्याला मिळाली. तिचं नाव पडलं 'कोरल', म्हणजे घोडे कोंडायचं कुंपणाचं आवार. मोकाट घोडा आणि त्याच्याभोवती चकचकीत क्रोमचं आवार. जनावर बदललं, पण ओरोस यांनी सांगितलेलं 'जाळीच्या मधोमध ठसठशीत काहीतरी' तसंच राहिलं. नाव बदलूनही रूप का ढळलं नाही, याचं उत्तर इथे आहे : डिझाइनरांनी जागा अशी आखली होती की तिथे कुठलंही ताकदीचं जनावर बसलं असतं. भारतात ही गाडी अधिकृतपणे २०१६ साली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह आली, तेव्हाही लोकांनी आधी तिच्या नाकावरच्या घोड्यासोबत फोटो काढले.

खप, आणि उरलेली नावं

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल १९६४ च्या रात्री तिन्ही राष्ट्रीय दूरचित्रवाहिन्यांवर एकाच वेळी जाहिरात, दुसऱ्या दिवशी विक्री. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० मागण्या. आयाकोकांना गाडीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत फाल्कनचा विक्रम मोडायचा होता. आकडा ४,१८,८१२ वर गेला. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाखावी गाडी बाहेर पडली. अनुक्रमांकानं पहिली असलेली मस्टँग केवळ दाखवायला म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडला पाठवली होती, ती तिथल्या एका वैमानिकानं विकत घेऊन टाकली! फोर्डनं पुढे त्याला दहा लाखावी गाडी देऊन ती परत मिळवली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

नावामुळे गाडी खपली का? हा प्रश्न कुणी विचारला की मी बॅराकुडाकडे बोट दाखवतो. प्रतिस्पर्धी प्लिमथची ही गाडी मस्टँगच्या दोन आठवडे आधी, १ एप्रिल १९६४ ला आली. तीही व्हॅलियंट या साध्या गाडीच्या हाडांवर बांधलेली, तीही तरुणांसाठी. तिला 'पांडा' म्हणायचा विचार वरिष्ठ करत होते. डिझाइनरांनी हट्ट धरून 'बॅराकुडा' हे शिकारी माशाचं नाव मिळवलं. नाव उत्तम होतं. पण पुढून ती व्हॅलियंटच दिसत होती, आणि खपात मस्टँगच्या जवळपासही पोचली नाही. उलट एडसेलची गत पाहा : नावही पडलं आणि रूपही. नाव रूपाला उचलून धरू शकतं, पण रूपाची उणीव भरून काढू शकत नाही, एवढंच मी या तीन गाड्यांवरून म्हणेन. मस्टँगच्या खपानं तर भाषेला नवा शब्दच दिला. असल्या गाड्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणावं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा अमेरिकन लोकांनी 'पोनी कार' असा वर्गच केला, तट्टाच्या नावावरून.

नाकारलेली नावंही वाया गेली नाहीत. ब्राँको १९६६ साली फोर्डच्या दणकट जंगली गाडीला मिळालं. कूगर १९६७ साली फोर्डच्याच मर्क्युरी शाखेच्या गाडीवर गेलं, आणि ती गाडी मस्टँगच्याच सांगाड्यावरची होती. तोरिनो १९६८ साली वापरात आलं. प्यूमा फोर्डच्या युरोपीय शाखेनं १९९७ साली घेतलं. सहांपैकी चार-पाच नावं तर अशी की त्या दिवशी टेबलावरची कुठलीही चिठ्ठी उचलली असती तरी ती शोभली असती.

मग मस्टँग या शब्दावाचून मस्टँग कशी दिसते, हे पाहायचं असेल तर जर्मनीत जावं लागतं. तिथे ट्रकसाठी हे नाव क्रुप कंपनीच्या मालकीचं होतं. क्रुपनं ते सोडायला पैसे मागितले, ते फोर्डनं दिले नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत जर्मनीत ही गाडी टी-५ या जुन्या, नाव ठरण्यापूर्वीच्या कामचलाऊ खुणेनंच विकली गेली. तिच्यावरून मस्टँग हे अक्षर न् अक्षर काढलेलं होतं. जाळीत आवार तसंच होतं, आणि त्यात घोडा.